पुटिका आणि बाबांचं म्हावरं

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. त्यामुळे मी जे बोलते ते घरात सगळे खरं धरून चालतात. हे मला बरंच उशिरा कळलं, आणि ज्या गोष्टीवरून कळलं ती सांगताना अजून थोडं ओशाळायला होतं.

दोन वर्षांपूर्वी बाबांचा उजवा हात थरथरायला लागला. काम करताना नाही. जाळं दुरुस्त करायची सुई हातात असली की बोटं बरी चालायची. हात मांडीवर स्वस्थ ठेवला की मात्र अंगठा बोटावर घासत राहायचा, जणू बाबा काहीतरी चिमटीत चोळत बसलेत. अलिबागच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला आणि दिवसातून तीनदा गोळी दिली. होडीवर जाणं थांबलं. थळच्या किनाऱ्यावर बसून बाबा त्याच होडीची जाळी नीट करू लागले.

होडी परत आली की तांडेल, म्हणजे होडी चालवणारा मुख्य माणूस, आमच्या घरी कालवणापुरतं म्हावरं पाठवायचा. कधी चार बांगडे, कधी मूठभर मांदेली. त्यात उपकार नव्हता. बाबा पाण्यावर जात नसले तरी होडीतलेच आहेत, एवढाच त्याचा अर्थ होता.

एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला सेमिनारसाठी मी मुद्दाम बाबांच्या आजाराजवळचा विषय घेतला: पेशीतल्या पुटिका आणि अमिलॉइड. पुटिका म्हणजे पेशीच्या आतल्या इवल्याशा पिशव्या. त्यांचं आवरण स्निग्ध पदार्थांचं असतं. मेंदूच्या पेशीत एक प्रथिन असतं, ते एरवी सुटं फिरतं किंवा या पिशव्यांच्या पृष्ठभागावर जाऊन बसतं. पण कधी कधी थोड्या जागेवर फार जणांची दाटी होते. मग ती प्रथिनं एकमेकांना चिकटतात, एकावर एक रचली जातात आणि त्यांचे न विरघळणारे धागे बनतात. त्या धाग्यांना अमिलॉइड म्हणतात. इंग्रजीतले ते लेख मी शब्दकोश उघडा ठेवून वाचत होते. एकेका पानाला तास जायचा.

वाचता वाचता माझ्या मनाने एक उडी मारली. पिशवीचं आवरण स्निग्ध, धागे तिथे बनतात, आणि बांगडा तर किती तेलकट मासा. मी कुणालाच विचारलं नाही. पुढच्या शनिवारी घरी गेले आणि आयला सांगितलं की बाबांना म्हावरं देऊ नकोस. आयने एकदा माझ्याकडे पाहिलं. बाबांनी ताटातला बांगडा उचलून तिच्या ताटात ठेवला आणि भातावर कोकमाचं सार ओतून घेतलं.

वाईट म्हणजे फरक पडला. दुपारी जेवणानंतर बाबांचा हात पूर्वी खूप हलायचा, तो कमी हलू लागला. मी वहीत तारखा घालून लिहून ठेवत होते. मनातून फार हरखले होते. बाबा तर किनाऱ्यावर सगळ्यांना सांगत सुटले. म्हावरं आलं की परत पाठवायचे. तांडेलाने एकदा चिडवलं, "काय रं, माळ कवा घातलीस?" त्यावर बाबा म्हणाले होते, "माळ न्हाय. पोरीनं सांगितलंय." आयने मला हे हसत हसत सांगितलं. मीही हसले.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा पाण्यात गेल्या, आणि पहिल्या खेपेचं म्हावरंसुद्धा बाबांनी परत केलं. त्यानंतर तांडेलाने पाठवायचंच बंद केलं. भांडण नव्हतं. तो जाळ्यांबद्दल बोलायचा, निघून जायचा. बाबा मात्र खंगत चालले होते. हाफ पँट कमरेवर ठरेना म्हणून आयने तिला नाडी घातली. तिने फोनवर सांगितलं, "जेवत न्हाय गो बाय तो धड. भात चिवडत बसतो. तुला सांगू नको बोललाय."

सेमिनारच्या तालमीत मी तो स्निग्ध पदार्थांचा मुद्दा आमच्या मार्गदर्शक मॅडमना बोलून दाखवला, आणि बाबांचंही सांगितलं. वर्गात आम्ही दोघीच होतो. मग त्यांनी विचारलं की ताटातल्या तेलाचा आणि त्या आवरणाचा असा सरळ संबंध मी कुठे वाचला. मी कुठेच वाचला नव्हता. त्या म्हणाल्या, "अगं, त्या पुटिकांवर बसणं हे त्या प्रथिनाचं रोजचं काम असावं. पिशवी शत्रू नाही. बिघडतं कधी आणि का, ते अजून पूर्ण कळलेलं नाही." मी वही पुढे केली. मग हात कमी का हलतो, मी विचारलं. ते डॉक्टरांना विचार, म्हणाल्या, आज विचार.

अलिबागच्या डॉक्टरांनी वही नीट वाचली, हे मला आठवतं. ते रागावले नाहीत. बाबा गोळी कधी घेतात, एवढंच विचारलं. जेवता जेवता, मी सांगितलं. तिथेच उत्तर होतं. गोळीतलं औषध आणि माशातलं प्रथिन आतड्यातून एकाच वाटेने रक्तात जातात. दोन्ही एकदम आली की औषध मागे राहतं. मासा बंद झाला तेव्हा औषधाला वाट मोकळी मिळाली, इतकंच. गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची आणि मासा खुशाल खायचा. "वजन उतरू देऊ नका," ते म्हणाले. गोळीच्या पाकिटावर हे इंग्रजीत लिहून चिकटवून दिलं होतं म्हणे. आमच्या घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी, आणि मी पाकीट वाचलंच नव्हतं. मी लेख वाचत होते.

घरी न जाता मी थेट किनाऱ्यावर गेले. बाबा जाळं पसरून बसले होते, तांडेल शेजारी दोर गुंडाळत होता. मला बाबांना एकट्याला सांगायचं होतं, कारण त्यांनी सगळ्या किनाऱ्याला माझं नाव सांगितलं होतं. पण तांडेल उठेना. शेवटी मी त्याच्यासमोरच बोलले. "बाबा, मी चुकीचं सांगितलं होतं. म्हावऱ्याचा दोष नव्हता. गोळीच्या वेळेचा होता."

बाबांची सुई थांबली. थांबली तसा हात हलायला लागला. मला वाटलं, आता त्यांची मान खाली जाईल. तांडेल दोर गुंडाळत राहिला आणि म्हणाला, "म्हंजे पोरगी नापास का?"

"नापास कशी," बाबा म्हणाले. "तीच येऊन सांगते ना चुकली ती. तू कवा सांगितलंस?"

तांडेल हसला. मला हसू आलं नाही, डोळे भरून आले. मी जाळ्याकडे बघत बसले. जाताना त्याने टोपलीतून तीन बांगडे काढून माझ्या हातात दिले. बाबांना काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आयने बांगडे तळले. बाबांनी गोळी घेतली आणि आम्ही अर्धा तास मोजत बसलो. वास घरभर होता. बाबा दर दोन मिनिटांनी विचारत होते, झाला का. वेळ जावा म्हणून मी त्यांना पुटिकांचं सांगितलं, या वेळी नीट, कुठे माहिती संपते तेही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग त्या धाग्यांना सोडवायचं कसं?"

जाळ्यात आयुष्य गेलेल्या माणसाचाच तो प्रश्न होता. मी म्हटलं, "ते अजून नीटसं कुणालाच येत नाही, बाबा. मलाही नाही."

"बरं," ते म्हणाले. "किती मिंटं राहिली?"

सात राहिली होती. आय ताटं मांडायला उठली.