चेकर नंबर सतरा

आमच्या टेबलाखाली एक यूपीएस आहे. राखाडी, जड, एका कोपऱ्यात चेपलेला. त्याच्या मागच्या बाजूला एक गोल पिवळं स्टिकर आहे आणि त्यावर पेनाने लिहिलंय, १७. लग्न होऊन या घरात आल्यापासून सहा वर्षं मी ते स्टिकर फडक्याने पुसतेय आणि सहा वर्षं मला वाटत होतं, तो मॉडेल नंबर असावा. एवढी मी हुशार.

सतरा नंबर म्हणजे माझी सासू, सोनूबाई. साकीनाक्याला एका गाळ्यात यूपीएसचे बोर्ड बनायचे, तिथे आई बावीस वर्षं होत्या. आधी सोल्डरिंगला, मग चेकर, म्हणजे तयार पीस तपासून पास करणाऱ्या. प्रत्येक पीसवर चेकरचा नंबर पडायचा. पीस परत आला की सगळ्यांसमोर त्या नंबराला उभं करायचे. यूपीएस त्यांनी कामगारांच्या भावात घरी आणला होता.

घरात मात्र आईंच्या कामाबद्दल कुणी कधी विचारलं नाही. 'आई कंपनीत जाते', बस. माझा धाकटा दीर विकी तर कॉलेजात मित्रांना 'आई पॅकिंगला आहे' असं सांगायचा, कारण पॅकिंग समजावून सांगावं लागत नाही. त्यांनी त्याला कधी सुधारलं नाही. मला याचा अजून राग येतो, त्याचाही आणि त्यांचाही.

आणखी एक गोष्ट. सासरे गेल्यानंतरही आई बांगड्या घालायच्या, पण फक्त रविवारी. चाळीतल्या बायकांनी त्याचे नाही नाही ते अर्थ काढले. खरं कारण साधं होतं. बोर्डाला हात लावताना अंगावर धातू चालत नाही, म्हणून कामाच्या दिवशी मनगट रिकामं. पुढे गाळा वसईकडे हलला, आई घरी बसल्या आणि बांगड्या रोजच्या झाल्या. तेव्हापासून लसूण सोलता सोलता "बसून खाते मी" असं म्हणायची त्यांना सवय लागली.

आता माझं सांगते. मी घरी बसून मॉड्युलर किचनची थ्रीडी चित्रं करते. ओटा कसा दिसेल, कपाटं कुठल्या रंगाची, उजेड कुठून येईल, हे गिऱ्हाइकाला आधीच दाखवायचं. मुलुंडच्या सुबोध सरांनी एका बिल्डिंगमधल्या किचनची अकरा चित्रं मागितली होती. सोमवारपर्यंत दिली तर वर्षभराचं काम माझं, नाहीतर अंधेरीतला दुसरा माणूस तयारच होता. आणि माझा कॉम्प्युटर बारा वर्षांचा. एक चित्र काढायला दोन तास घ्यायचा आणि बऱ्याचदा पावणेदोन तास झाले की आपोआप बंद पडायचा. आतला मुख्य बोर्ड आणि प्रोसेसर नवीन घेण्याला पर्यायच नव्हता. पैसे एकदाच घेण्यापुरते होते. चुकलं तर चुकलं.

विकीने तीस-चाळीस व्हिडिओ बघितले आणि निकाल दिला. "वहिनी, प्रोसेसर आय-सेव्हनच घे, एकदम झकास. बोर्ड कुठला पण चालेल. बोर्ड म्हणजे काय, नुसती पाटी गं."

शनिवारी दुपारी आम्ही निघालो तर आई चपला घालून दारात उभ्या. "मी पण येते. घरात बसून काय करू?" विकीने माझ्याकडे बघून डोळे फिरवले. मी तिकडे लक्ष दिलं नाही, पण खरं सांगायचं तर मलाही ते लोढणंच वाटलं.

घाटकोपर स्टेशनजवळच्या एका गल्लीत चंद्रप्रकाशचं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्याने विकीची यादी बघितली, वा वा केलं आणि सगळ्यात स्वस्त बोर्डाचं खोकं उघडलं. विकीने बोर्ड उचलला तो थेट मधोमध, पंजात, पापड धरावा तसा.

"कडेला धर!"

दुकानातली सगळी माणसं वळली. घरात मी आईंचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. विकीने घाबरून बोर्ड खाली ठेवला. आईंनी बांगड्या काढल्या, रुमालात बांधून माझ्या हातात दिल्या, अंगातली वीज उतरावी म्हणून दुकानाच्या लोखंडी शटरला तळहात लावला आणि मग बोर्ड दोन्ही कडांना धरून उजेडात तिरका केला. एकेका भागावरून नजर फिरवली.

"हा प्रोसेसर वॉट किती घेतो?"

"अहो मावशी, चालतं सगळं याच्यावर," चंद्रप्रकाश म्हणाला.

"चालतं का ते नाही विचारलं. वॉट किती?"

त्याला मोबाइलमध्ये बघावं लागलं. "फुल लोडला दीडशेच्या वर जातो."

"आणि ते सगळं या चार कॉइलमधून जाणार?" प्रोसेसरच्या जागेशेजारी राखाडी चौकोनी ठोकळ्यांची एक रांग होती, तिकडे त्यांनी बोट दाखवलं. "वर गार व्हायला पत्रासुद्धा नाही. दहा मिनिटं पळेल, मग दमेल. नीलम, तुझं काम सलग किती वेळ चालतं गं?"

"दोन-तीन चित्रं एकदम लावली तर चार-चार तास."

"मग?"

विकी वैतागला. "आई, हा यूपीएस नाहीये, कॉम्प्युटर आहे."

"करंटला कुठं कळतं ते?"

चंद्रप्रकाशने मान खाजवली आणि हसला. "मावशी बरोबर बोलतात यार. गेमवाली पोरं येतात, प्रोसेसरचं नाव ऐकून खूश होतात. जो मागेल त्याला तो देतो मी." मग त्याने वरच्या फळीवरून दुसरा बोर्ड काढला. त्यावर कॉइलची लांब रांग होती, त्या गार ठेवायला वर ॲल्युमिनियमचे जाड ठोकळे होते, रॅमला चार जागा होत्या. तो घ्यायचा तर माझ्या पैशांत प्रोसेसर मात्र एक पायरी खालचा, आय-फाइव्ह बसत होता.

"जेवणारा प्रोसेसर, वाढणारा बोर्ड," आई मला म्हणाल्या. "वाढणाऱ्याचेच हात भाजायला लागले, तर जेवणारा मोठा असून काय उपयोग?"

"वहिनी, आय-फाइव्ह घेतलास तर दोन वर्षांत रडशील," विकी म्हणाला. "सांगून ठेवतो."

मी आईंकडे बघितलं. त्यांनी बोर्ड अलगद खोक्यात ठेवला. "काम तुझं, तू ठरव. मी फक्त चेक केलं."

एका बाजूला चाळीस व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला जन्मात माउस न धरलेली बाई. पण मला टेबलाखालचा तो राखाडी यूपीएस आठवला. बॅटऱ्या तीनदा बदलल्या, बोर्ड एकदाही नाही. "आई म्हणतात तो द्या," मी म्हटलं. विकी घरापर्यंत रुसून पुढे पुढे चालत राहिला; मागे मी आईंना त्या पिवळ्या स्टिकरबद्दल विचारलं आणि १७ हा त्यांचा नंबर, हे मला तेव्हा कळलं.

रविवारी सकाळी त्यानेच सगळं जोडलं. रुसला तरी हात आखडता घेतला नाही, हे त्याचं कौतुक आहेच. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन काळी. परत दाबलं, परत काळी.

"वाट लागली. बोर्ड डेड आहे. म्हटलं होतं ना मी?"

सोमवार उद्यावर आलेला. आत मटणाला फोडणी देणाऱ्या आई बाहेर आल्या. हात धुतले, कोरडे केले, बांगड्या काढून रुमालात बांधल्या. "बंद कर. भिंतीतली वायर काढ आधी."

दोन मिनिटं त्या नुसत्या वाकून बघत राहिल्या. मग बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात बोट नेलं. तिथे आठ भोकांचं एक छोटं कनेक्टर होतं. "हे रिकामं का?"

"मेन वायर लावलीये ना, ती मोठी," विकी म्हणाला.

"हे का रिकामं, ते विचारलं मी. आमच्याकडे रिकामं कनेक्टर म्हणजे राहिलेलं काम. आणि बघ, हे बरोबर त्या कॉइलच्या शेजारी आहे."

विकीने कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या मागे हात घातला. तिथे अडकून बसलेली एक वायर निघाली. प्रोसेसरला वीज देणारी वेगळी वायर. तीस-चाळीस व्हिडिओंमध्ये ती नक्की असणार, पण घाईत राहून गेली होती.

"जेवणाऱ्याला ताटच नाही मांडलंस रे," आई म्हणाल्या.

विकीने वायर लावली, बटण दाबलं आणि स्क्रीन लागली. मी ओरडलेच. विकीचे कान लाल झाले होते, पण तोही हसत होता.

मी खुर्ची ओढायला गेले, तर आईंनी अडवलं. "चालू झालं म्हणजे पास नाही. लोडवर टाक."

मी अकराच्या अकरा चित्रं एकदम रांगेत लावली. आई प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन शेजारी बसल्या. मध्येच उठून मटण बघून यायच्या, परत बसायच्या, उलट्या हाताने कॅबिनेटला स्पर्श करायच्या. जिथे दोन तास लागायचे तिथे वीस मिनिटांत एक चित्र निघत होतं. एकदाही मशीन दमलं नाही. तीन वाजता माझा नवरा सम्यक ड्युटीवरून आला, तर जेवणं तशीच आणि आम्ही तिघं एका डब्याकडे बघत बसलेले. अकरावं चित्र निघालं, मी सगळी पाठवली आणि अर्ध्या तासात सुबोध सरांचा मेसेज आला. उत्तम झालीत, उद्यापासून वर्षाचं काम तुमच्याकडे.

मी तो मोठ्याने वाचला आणि आईंना विचारलं, "पास?"

"पास."

मी मार्कर पुढे केला. त्यांनी हात मागे घेतला. "आता कसला नंबर? कंपनी गेली, नंबर पण गेला."

मला एकदम राग आला. "नंबर कंपनीचा होता की तुमचा?" आवाज जरा जास्तच चढला. सम्यक दचकला.

तेवढ्यात विकी उठला. त्याने कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढला आणि आईंसमोर धरला. दोन्ही हातांनी, कडेला.

आईंनी पत्र्याच्या आतल्या बाजूला सावकाश लिहिलं, १७. सातचा शेपटा जरा लांबला.

"आई," विकीने विचारलं, "तुझे किती पीस परत आले गं? बावीस वर्षांत?"

"दोन." त्या रुमाल सोडून बांगड्या घालत होत्या. "त्यातल्या एकाची वायर उंदरानं खाल्ली होती."

"मग एकच," विकी म्हणाला.

"हां," आई म्हणाल्या. "एकच."