बंगल्यावरचे पोहे

तुमच्या आईला बघायचा कार्यक्रम सुरगाण्याकडच्या एका डोंगरावर झाला, हे तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

कल्पना तुमच्या बाबांची. घरी बसून बशा पुढे करण्यापेक्षा दोन्हीकडच्यांनी मिळून जंगलखात्याच्या बंगल्यावर जाऊ, असं त्यांनी कळवलं. बंगला इंग्रज साहेबांनी शिकारीसाठी बांधलेला, जाड दगडी भिंतींचा. वर जायला फक्त पायवाट. नव्वदच्या दशकात नाशिकमध्ये मुलगी बघायची ही तऱ्हा कोणी ऐकली नव्हती. पण एका लग्नात ओळख झाल्यापासून तुमच्या आईला मुलगा मनापासून आवडला होता. "आई, एवढं जमू दे. तू जास्तीचं काही करू नकोस," ती म्हणाली.

मी जास्तीचं काही केलं नाही. फक्त मुलाकडच्यांना पोह्यांशिवाय कसं पाठवायचं, म्हणून कढई, तेल, चिरलेला कांदा आणि मिरच्या घेतल्या. वर पाण्याचा भरवसा नव्हता, म्हणून पायथ्याच्या गावातच पोहे भिजवून डब्यात दाबून भरले. योजना इतकी नीट होती, की मीच माझ्यावर खूश होते.

जीपमधून उतरताच अडचण आली. वाट एका माणसापुरती. मुलाकडच्यांकडे पाठ करून चालायचं कसं?

"तुम्ही पुढे व्हा," मी तुमच्या देवळालीच्या आजींना, म्हणजे बाबांच्या आईला म्हणाले.

"छे, तुम्ही मोठ्या. तुम्हीच व्हा."

"असं कसं? तुम्ही मुलाकडच्या!"

"दोघी इथेच बसा," आमचे हे, म्हणजे तुमचे आजोबा म्हणाले. "आम्ही जाऊन येतो."

पुढे चढ असा उभा आला, की मानपान विसरून आम्ही दोघी हात टेकत चढलो. देवळालीच्या आजी कडक इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. वर पोचेपर्यंत तिच्या निऱ्या धुळीने माखल्या. माझ्या पोटात गोळा आला.

त्याहून मोठा गोळा डब्यात होता. ऊन आणि हिसके लागून पोह्यांचा लगदा झाला होता. डबा उलटा केला तरी पडेना.

"आई, तरी मी सांगितलं होतं!" तुमची आई रडकुंडीला आली.

देवळालीच्या आजींनी वाकून पाहिलं. "कणीक भिजवलीय का?"

तुमच्या बाबांनी मात्र बाह्या सरसावल्या. बंगल्याच्या चौकीदाराकडून थोडं नागलीचं, म्हणजे नाचणीचं पीठ मागून घेतलं, कांदा-मिरची घालून तो गोळा मळला आणि चुलीवर वडे तळायला घेतले. तुमची आई शेजारी बसून फुंकणी फुंकत होती. धुराने दोघांचे डोळे लाल, आणि दोघंही हसत होती.

"घरी पाण्याचा पेला जागचा हलवत नाही हा," देवळालीच्या आजी म्हणाल्या. "याच्या हातचं खायला मला एवढा डोंगर चढावा लागला!"

वडे त्यांनी पुन्हा मागून घेतले. पण मुलगी पसंत आहे की नाही, याबद्दल अवाक्षर नाही. आपण होऊन विचारणं मुलीकडच्यांना शोभत नाही. मी आजोबांकडे पाहिलं. ते छताचे वासे बघत होते.

उतरताना सुट्या खड्यांवरून पाय घसरत होते. देवळालीच्या आजींनी तुमच्या आईचा दंड घट्ट धरला होता. आई आपल्याच तंद्रीत भराभर उतरत होती.

"अगं, हळू! लग्नाआधीच सासूला पाडतेस का?"

तुमची आई जागीच थांबली. मागे मी थांबले. आजोबा येऊन माझ्यावर आदळले.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"ठरलं," मी म्हणाले.