आपत्कालीन टाकीचं कुलूप

आता कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला! चहा घ्या आधी. आणि हसायचं असेल तर सुरुवातीलाच हसून घ्या, कारण शेवटाकडे मला स्वतःलाच हसू येत नाही. एक अट मात्र आहे. शेजारच्या शोभावहिनी समोर असल्या की हा विषय काढायचा नाही.

तर मी पीटीचा मास्तर. अकोल्यात सगळी नोकरी पोरांना 'सावधान-विश्राम' करण्यात गेली. निवृत्त झालो, पण शिट्टी काही गळ्यातून उतरली नाही. घरात पोरं नाहीत. मग सावधान कुणाला करायचं? बायकोला करून पाहिलं. सुनंदा म्हणाली, "मले शिट्टी वाजवाल तं चहा भेटनार नाई." विषय संपला.

अशा रिकाम्या माणसाच्या हातात मोबाइल आला की काय होतं, तुम्हाला ठाऊकच आहे. कुठं पूर, कुठं भूकंप, कुठं युद्ध! लॉकडाऊनची आठवण होतीच. मी ठरवलं, जगाचं काय व्हायचं ते होवो, आपलं घर तयार पाहिजे. आणि कामाला लागलो.

गॅस मिळाला नाही तर? म्हणून मागच्या अंगणात टिनाच्या शेडखाली गोवऱ्यांची ही एवढी थप्पी लावली. लाइट गेली तर? मेणबत्त्या, टॉर्च. कुणी आजारी पडलं तर? गोळ्या, पट्ट्या, साखर-मिठाच्या पुड्या. हे सगळं एका लोखंडी पेटीत भरलं, पेटीवर लाल रंगानं 'आपत्कालीन' लिहिलं आणि पेटी गोवऱ्यांशेजारी ठेवली. का? तर शिस्त! आपत्कालीन वस्तू एकाच ठिकाणी पाहिजेत. कूलरच्या गेल्या वर्षीच्या गवताच्या ताट्याही तिथंच रचल्या. वाळून कोळ झालेल्या. असू द्या, कधी लागतील.

आणि या सगळ्याचा मुकुटमणी म्हणजे टाकी!

आमच्या भागात उन्हाळ्यात नळाचं काही खरं नसतं. आला तर आला. सगळी गल्ली ड्रम, बादल्या, घागरी, पातेली, जे सापडेल ते भरून ठेवते. मी मात्र अंगणात जमिनीखाली टाकीच बांधून घेतली. एकदा नळ चांगला आला तेव्हा काठोकाठ भरली, वर लोखंडी झाकण टाकलं, आणि झाकणाला कुलूप. रोजचं पाणी ड्रममधलं. टाकीला हात लावायचा नाही!

"एकदा उघडून तं पाहा जी," सुनंदा म्हणे.

"झाकण उघडलं की पाणी उडून जाते उन्हानं," मी म्हणे.

कुलपाची किल्ली कुठं ठेवली? अर्थातच आपत्कालीन पेटीत. शिस्त!

वैशाख लागला. नळ असा रुसला की विचारू नका. एका सकाळी कंपाउंडच्या भिंतीपलीकडून शोभावहिनींनी हाक मारली. नवरा वारल्यापासून बाई एकटीच राहते. एकुलती एक लेक पल्लवी, तिला अमरावतीला दिलेली.

"भाऊजी, दोन बादल्या पाणी भेटन का जी टाकीतलं?"

"कशाले?"

"कुरोड्याचे गहू भिजू घातले ना. रोज पाणी बदला लागते, नाई तं वास मारते. पल्लवीचं डोहाळजेवण हाये. पोरीच्या पोटात अन्न ठरून नाई राहिलं. फोन केला की एकच म्हनते, आई, तुह्या हातची कुरोडी पाह्यजे."

कुरोडी म्हणजे कुरडई हो. तीन दिवस गहू भिजवायचे, वाटायचे, गाळायचे, मग खाली तो पांढराशुभ्र चीक बसतो, तो शिजवून साच्यातून घालायचा आणि कडक उन्हात वाळवायचा. एवढा खटाटोप! आणि शोभावहिनींची कुरोडी तेलात पडली की अशी फुलते, की कढईत दुसरीला जागा राहत नाही.

हे सगळं मला माहीत होतं. दरवर्षी पहिलं ताट आमच्याच घरी येतं! तरी मी काय म्हणालो असेन?

"वहिनी, ते आपत्कालीन पाणी हाये."

"मंग हा आपत्काल नाई का जी? नळ येऊन किती दिस झाले!"

"याले टंचाई म्हनते. आपत्काल वेगळा असते."

बघा! माणूस किती मूर्खपणा किती गंभीर चेहऱ्यानं बोलू शकतो!

सुनंदा मागून म्हणाली, "द्या ना जी दोन बादल्या. काय टाकी आटून राहिली का?"

"आज दोन बादल्या, उद्या सगळी गल्ली येईन."

वहिनी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "राहू द्या जी भाऊजी," एवढंच म्हणाल्या. मग स्वतःच्या प्यायच्या माठातलं पाणी काढून गव्हावर ओतलं, आणि पुढचे दिवस घोटाघोटानं पाणी प्यायल्या. हे मला सुनंदानं सांगितलं. मी म्हणालो, "याला म्हणतात नियोजनाचा अभाव."

सुनंदानं माझ्याकडे जे पाहिलं, ते अजून आठवतं.

दोनेक दिवसांनी माझ्या डोक्यात नवीन किडा वळवळला. तयारी झाली, पण सरावाचं काय? मी जाहीर केलं, "आज रंगीत तालीम! गॅस संपला, लाइट गेली असं समजायचं."

"लाइट तं तशीबी जाते. समजा लागत नाई," सुनंदा म्हणाली.

"आज रोडगे करू. गोवऱ्यांवर!"

आता रोडगे म्हटल्यावर वऱ्हाडी माणूस विरघळणारच. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडायचे, वर तूप, सोबत वांग्याची भाजी. सुनंदाही कणीक मळायला बसली. मी अंगणात, शेडपासून हातभर अंतरावर, गोवऱ्या रचून पेटवल्या. शेडपासून हातभर का? तर गोवऱ्या आणायला सोपं पडतं.

भिंतीपलीकडे वहिनींनी नुकताच चीक गाळून दोन मोठ्या गंजांत, म्हणजे पातेल्यांत, निवळत ठेवला होता. "भाऊजी, हवा चालू हाये," त्या म्हणाल्या. "आग जपून जी."

"वहिनी, आयुष्यभर ग्राउंड सांभाळलं मी," मी म्हणालो.

आणि वावटळ उठली.

उन्हाळ्यात आमच्याकडे अशी वावटळ कुठूनही उठते. अंगणात गरकन फिरली, निखारे उचलले आणि नेमके कूलरच्या ताट्यांवर टाकले. ताट्या भडकल्या. ताट्यांनी गोवऱ्या पेटवल्या. एवढा जाळ झाला की स्वयंपाकघराची खिडकी तापायला लागली, आणि खिडकीच्या आतच सिलिंडर!

अशा वेळी मी पहिलं काय केलं असेल? पाणी आणलं? सिलिंडर काढला? छे!

शिट्टी वाजवली.

जीव तोडून वाजवली. कुणी आलं नाही. येणार कसं? मी गेले काही आठवडे दर रविवारी शिट्टी चालते का म्हणून वाजवून पाहत होतो. गल्लीला वाटलं, सर सुरू झाले पुन्हा.

ड्रम कोरडा पडलेला, म्हणून सुनंदा माठ घेऊन धावली. तेवढं पाणी त्या जाळात कुठं गेलं, कळलंही नाही.

"अहो, टाकी उघडा टाकी!"

"किल्ली पेटीत आहे!"

"आन् पेटी कुठी हाये?"

मी बोटानं दाखवली. बोटाच्या टोकाला नुसता जाळ होता.

तेवढ्यात भिंतीवरून काहीतरी पांढरं उसळलं. फस्स! मी मान वळवली तर दुसरा लोट आला, अर्धा आगीवर, अर्धा माझ्यावर. फस्स! धूर झाला, राखेचा चिखल झाला आणि जाळ बसला. उरलेलं आम्ही माती टाकून विझवलं.

भिंतीपलीकडे उलट्या घमेल्यावर उभ्या शोभावहिनी. हातात रिकामा गंज.

"लागलं तं नाई ना जी तुमाले?" त्यांनी आधी हे विचारलं.

मी डोक्यापासून पायापर्यंत चिकानं पांढराफटक. नाकावरून चीक ओघळत होता. सुनंदाला हसू फुटलं, आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की हे काय आहे. तिचं हसू तिथंच थिजलं. वहिनींनी गंजात डोकावून पाहिलं. बोट फिरवून कडेचा चीक पुसून घेतला, जरासा निघाला. मग गंज तिथंच ठेवून त्या ओट्यावर बसल्या.

बोटावरचा चीक तेवढा पाहत राहिल्या.

खरंच सांगतो, तेव्हा मला लाज वाटली. आणि लाज वाटली की मी आणखीच जोरात बोलतो, ही माझी जुनी खोड.

"वहिनी!" मी गरजलो. "टाकी तुमची! सगळीच्या सगळी! पुन्हा गहू भिजवा!"

हातोडा आणला आणि कुलपावर घाव घालायला लागलो. शिट्टीला न आलेली गल्ली आता हातोड्याच्या आवाजानं गोळा झाली. कुलूप तुटलं. मी वळून सगळ्यांकडे पाहिलं, झाकण दिमाखात सरकवलं आणि दोर बांधलेली बादली आत सोडली.

ठण्ण!

पुन्हा सोडली. ठण्ण!

वाकून पाहिलं. तळाला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत भेग पडलेली, आणि भेगेतून एक पाल वर माझ्याकडे बघत होती. थेंबभर पाणी नाही. अहो, आमची काळी माती! उन्हाळ्यात ती फाटते, घरांच्या भिंतींना चिरा पाडते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्याच मातीत मी टाकी पुरली, कुलूप लावलं आणि वर छाती फुगवून फिरत राहिलो. पाणी कधीचंच जमिनीनं पिऊन टाकलं होतं.

म्हणजे मी वहिनींना जे पाणी नाकारलं, ते माझ्याकडे नव्हतंच!

गल्ली हसली. हसणारच. सुनंदा तेवढी हसली नाही. हळूच म्हणाली, "दोन बादल्या द्याले झाकन उघडलं असतं, तं तवाच समजलं असतं ना जी."

पेटी निवल्यावर उघडली. किल्ली सुखरूप होती. मेणबत्त्या वितळून तिच्यावर बसल्या होत्या.

डोहाळजेवण तोंडावर आलं होतं. पुन्हा गहू भिजवून कुरोड्या वाळवायला आता वेळ नव्हता. मी उन्हातान्हात सगळं अकोला पालथं घातलं, दुकानं धुंडाळली आणि त्यातल्या त्यात बऱ्या कुरोड्या घेतल्या. आम्ही तिघं बसनं अमरावतीला गेलो. पिशवी मीच मांडीवर धरून बसलो होतो.

पल्लवी फुलांच्या दागिन्यांत बसली होती. चेहरा उतरलेला, पण डोळे आईच्या पिशवीकडे. ताट वाढलं. तिनं कुरोडीचा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि उरलेली हळूच ताटाच्या कडेला ठेवली.

"आई, ह्या तुह्या हातच्या नाई ना?"

मी समोरच बसलो होतो. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही होतं.

"औंदा माह्याच हातून चीक बिघडला बाई," वहिनी म्हणाल्या. "म्हातारी झाली ना मी आता."

"जाऊ दे आई," पल्लवी म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "काका, तुमी शेजारी हाये, हे लय बरं. मले आईच्या पाण्याची लय चिंता वाटे. पन आई फोनवर सांगे, सरांनी मोठी टाकी भरून ठेवली हाये, आपल्याले काही भेव नाई."

वहिनी ताटात पाहत होत्या. सुनंदाही ताटात पाहत होती. मला ठसका लागला. असा लागला की डोळ्यांत पाणी आलं.

आणि ती पोरगी, तशा अवघडलेल्या अंगानं, कुणाला न सांगता स्वतः उठली आणि तांब्या भरून पाणी घेऊन आली.

"प्या जी काका. अजून आनू का?"

मी मान हलवली, आण म्हणून. ठसका तर केव्हाच थांबला होता. पण तोंड रिकामं झालं असतं तर बोलावं लागलं असतं, म्हणून मी पीत राहिलो.