जाऊबाईंचं कार्ड

डॉक्टरांवर माझ्या थोरल्या जाऊबाईंइतका विश्वास ठेवणारी बाई अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडायची नाही. अट एकच, डॉक्टर गुरांचा हवा. म्हैस गाभण होती तेव्हा चौसाळ्याहून तीनदा डॉक्टर बोलावला आणि दर वेळी स्वतः म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. स्वतःला दिवस गेले तेव्हा मात्र दवाखान्याचं नाव काढू देईनात. मी विचारलं, तर म्हणाल्या, "म्हशीला बोलता येत न्हाई म्हणून दाखवायचं. मला तोंड हाय की." घरोघरी तपासणीला फिरणाऱ्या आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या त्या कढीपत्त्याच्या मुळाशी पुरायच्या आणि झाड कसं तरारलं ते शेजारणींना कौतुकाने दाखवायच्या.

नेमके मलाही तेव्हाच दिवस गेले होते. माझी तपासणी गावातल्या अंगणवाडीत व्हायची, त्यांचं नाव मात्र आशाताईंनी वयामुळे तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात घातलं होतं. एके दिवशी त्यांनी स्वतःचं तपासणीचं कार्ड माझ्या हातात ठेवलं. रेशनला घरातलं कुणीही गेलं तरी धान्य मिळतं, मग इथे का चालणार न्हाई, असा त्यांचा सवाल. आणि मी, बारावी शिकलेली बाई, त्यांच्या नावाने तपासून घ्यायला गेले! एकदा नव्हे, चारदा. आज आठवलं की माझं मलाच नवल वाटतं. कहर म्हणजे कार्डावर रक्ताचा आकडा भरपूर निघाला, तेव्हा जाऊबाई ते घेऊन गल्लीभर मिरवल्या आणि मलाच म्हणाल्या, "जरा खात जा गं, माझ्यावानी."

आठव्या महिन्यात त्यांचे पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं. तोंड असलेली ही बाई चार दिवस कुणाशी काही बोलली नाही. पाचव्या दिवशी डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा आम्ही त्यांना जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब पाहिला, कार्डावरचे चांगले आकडे पाहिले आणि यंत्रच बिघडलं असेल म्हणून दुसरं मागवलं. जाऊबाई खाटेवरून मला डोळ्यांनी गप्प राहायला सांगत होत्या.

"मॅडम, कार्डावरचे आकडे माझे हायेत," मी म्हटलं. "ह्यांना एकदाबी कुणी तपासलं न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी कार्ड बाजूला ठेवलं आणि नर्सला ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तासाभरात जाऊबाईंचं ऑपरेशन झालं.

मायलेकी दोघी वाचल्या. पोरगी आता अंगणवाडीत धिंगाणा घालते. पण ऑपरेशननंतरच्या त्या आठवड्यात ती काचेच्या पेटीत होती आणि आम्ही बाहेरच्या बाकावर बसून होतो. जाऊबाई हळूच म्हणाल्या, "माझं कार्ड घेऊन गेलतीस, तवा लेकराचे ठोके ऐकवलते का गं?"

मी हो म्हटलं.

"कसे व्हते?"

ते ठोके माझ्या बाळाचे होते, हे दोघींनाही ठाऊक होतं. तरी मी बाकावर बोटांनी वाजवून दाखवले, भरभर, जसे ऐकले होते तसे. जाऊबाई मान खाली घालून ऐकत होत्या. मी थांबले, तर म्हणाल्या, "आनखी थोडे."