खंदारे सरांचा एकच जिवाणू

कॉलेजच्या भिंतीवर मुंग्यांची रांग लागली, की खंदारे सर त्यातली एक मुंगी हेरायचे आणि तिच्या मागे मागे निघायचे. मान वाकडी, चष्मा कपाळावर, पाय खुशाल चिखलात. नव्या प्राचार्यांना वाटलं, सरांचं काहीतरी हरवलंय, म्हणून त्यांनी शोधायला शिपाई पाठवला. सर त्याला म्हणाले, "रांग कुठं चाललीय ते कुनीबी सांगल. ही एकटी कुठं चाललीय ते बगायलोय."

परभणीच्या त्या कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे. सर भौतिकशास्त्राचे, पण मुक्काम माझ्या प्रयोगशाळेत. एके दिवशी हैदराबादहून मागवलेली एका लेखाची झेरॉक्स घेऊन ते आले. जिवाणूच्या शेपटीच्या मुळाशी रेणूंनी बनलेली एक इवलीशी मोटर असते. ती शेपूट गरागरा फिरवते, मधेच उलटी फिरते. आमच्या सूक्ष्मदर्शकातून ती दिसायची बातच सोडा. पण शेपूट तोडून तिचं थोटूक काचेला चिकटवलं, तर शेपटीऐवजी जिवाणूचं अख्खं अंगच फिरू लागतं. आणि अंग तर दिसतं!

"म्हंजी एका मोटरीचा कारभार उघड्यावर येतुय बगा," सर म्हणाले. "नळीत कोटभर असत्यात. कुनी हिकडं फिरायलंय, कुनी तिकडं. समद्याची सरासरी काढून हाती काय लागनार?"

"पण सर, चिकटवायचं औषध आपल्याकडे कुठंय?"

"हजारात एखादं आपसूक चिकटंल की. आपन बगत बसू."

बसायला वेळ मात्र थोडा होता. साखरेच्या आजारानं सरांचा डावा डोळा गेला होता आणि उजवा चालला होता. डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. त्याच्या आत एक मोटर स्वतःच्या डोळ्यानं पाहायची, एवढंच त्यांच्या मनात होतं.

या एकाचा एवढा ध्यास कशाला, असं मी एकदा चिडूनच विचारलं. सर सिरिंज पुसत होते. म्हणाले, "नामांतराच्या दंगलीत पेपरात आलतं, तालुका शांत हाय. खरंच शांत व्हता, बाई. आमचं एकच घर जळालं." मीटरवरचा आकडा वाचून दाखवावा तसं त्यांनी सांगितलं. मी झरी गावाकडच्या बागायतदाराची लेक. आमच्या घरी सरांच्या समाजातल्या पाहुण्यांसाठी कप वेगळा ठेवलेला असे. मी पुढची काच धुवायला घेतली.

दोन सिरिंजा बारीक नळीनं जोडून त्यातून जिवाणूंचं पाणी इकडून तिकडे ढकललं, की शेपट्या तुटतात. ते काम सरांनी स्वतःकडे घेतलं होतं. पावसाळाभर रोज दहा-बारा काचा तपासून व्हायच्या. सर डोळ्यातून पाणी येईपर्यंत बघायचे, मग मला बसवायचे. काही जिवाणू पळायचे, काही नुसते पडून असायचे. फिरत कुणीच नव्हतं.

दसरा होऊन गेला आणि एका दुपारी ते मला दिसलं. एका जागी खिळलेला एकच जिवाणू, घड्याळाच्या काट्यासारखा स्वतःभोवती फिरत होता. तीन गिरक्या डावीकडे, फटकन एक उजवीकडे, पुन्हा पाच डावीकडे. सहा वर्षं खडूनं फळ्यावर काढत आलेली गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत चालू होती, आणि तिला माझी खबरही नव्हती. इतकं लहान आणि इतकं जिवंत मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही.

"सर!" मी ओरडले.

सर वाकले. स्क्रू पुढे-मागे केला. बराच वेळ तसेच राहिले.

"उजेड दिसायलाय," ते म्हणाले. "नुसता उजेड."

मी पुन्हा भिंगाला डोळा लावला, चाचपडत सरांचा हात धरला आणि त्यांचं बोट टेबलावर फिरवू लागले. जिवाणू डावीकडे तर बोट डावीकडे, तो उलटला की बोट उलटं.

"वळताना थांबतंय का?"

"नाही सर, एकदम वळतं."

"बाप रे," ते पुटपुटले. "बाप रे बाप."

काही मिनिटांनी जिवाणू काचेवरून सुटला आणि वाहून गेला. सरांचा चेहरा असा उजळला होता, की थांबायचा धीर मला झाला नाही. मी बोट फिरवतच राहिले. तीन डावीकडे, एक उजवीकडे. तीन डावीकडे, एक उजवीकडे.

"बाई," सर हळूच म्हणाले, "आता तुमी फिरवायलाव."

माझा हात जागीच थांबला.

"ते असं एकसारकं फिरत नसतंय. आत्ता तर कळालं मला ते." ते हसले, पण हात काढून घेतला नाही. "वहीत लिवा. कुठवर त्याचं अन् कुठून तुमचं, सगळं लिवा."

मी सगळं लिहिलं, माझी लबाडीसुद्धा. सर जाऊन आता किती वर्षं झाली, पण ती वही मी जपून ठेवली आहे. तिच्यात निरीक्षकाच्या रकान्यात मी त्यांचं नाव घातलं आहे, आणि त्यात मात्र लबाडी नाही.