सहाव्या वाराला मरणारा राक्षस

"मॅडम, हा राक्षस पुन्हा सहाव्याच वाराले मेला," तुळशीरामजी म्हणाले.

मी मान वर न करता विचारलं, "या वेळी हातात काय होतं?"

"गदा. सकाळी तलवार होती, काल भाला. कशानंही मारा, सहाव्याले जाते."

"योगायोग असेल."

"पाच दिवसापासून योगायोग होऊन राहिला काय जी?"

तेव्हा मात्र मी मान वर केली.

सत्त्याऐंशी साल असावं. भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेवर एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. दोन खोल्या, तीन छोटे कॉम्प्युटर, टीव्हीचेच पडदे, आणि प्रत्येकाला एक टेपरेकॉर्डर. तेव्हा प्रोग्राम गाण्याच्या कॅसेटवर यायचे. कॅसेट लावायची, पाच मिनिटं किरकिर ऐकायची, मग गेम सुरू. मध्येच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

ऑफिस अविनाशभाऊंचं. ते इंजिनियर, मुंबईची नोकरी सोडून परत आलेले. भंडाऱ्यातही सॉफ्टवेअर होऊ शकतं, हे त्यांना दाखवायचं होतं. मी नागपूरहून गणितात बी.एस्सी. केलेली, त्यांची एकमेव प्रोग्रामर. आमच्या घरात पगाराची नोकरी लागलेली मी पहिलीच मुलगी. ऑफिसात आम्ही एकूण सात माणसं होतो.

काम मुंबईच्या एका कंपनीचं होतं. ती घरगुती कॉम्प्युटर विकायची. तिला त्यासोबत एक गेम हिंदी-मराठीत आणायचा होता. त्यांनी परदेशी गेमच्या पाच कॅसेट पाठवल्या आणि एक प्रश्न: यांतल्या कुठल्या गेमचे मेकॅनिक्स सर्वांत खोल आहेत? नंबर लावा, कारणं द्या.

पाचही गेम टर्न-बेस्ड रोल-प्लेइंग होते. टर्न-बेस्ड म्हणजे बुद्धिबळासारखं. तुमची चाल, मग मशीनची चाल. घाई नाही, विचार करायला हवा तेवढा वेळ. रोल-प्लेइंग म्हणजे तुम्ही एक पात्र घ्यायचं, त्याला ताकद, अक्कल, हत्यार द्यायचं आणि त्याच्या वतीनं निर्णय घ्यायचे. मेकॅनिक्स म्हणजे आतले नियम. तुम्ही अमुक केलं तर तमुक होईल, हे ज्यावर ठरतं ते.

गेम खेळून पाहायला आम्ही तुळशीरामजींना बसवलं होतं. ते जवळच्या करडी गावचे, पंचेचाळिशीचे. भंडाऱ्याच्या एका छापखान्यात वीस वर्षं कंपोझिटर होते, म्हणजे शिशाची अक्षरं एकेक जुळवून पान तयार करणारे. छापखाना बंद पडला आणि ते आमच्याकडे टायपिंगला आले. इंग्रजी त्यांना बोलता येत नव्हतं, पण इंग्रजीचं कुठलंही पान ते अक्षर अक्षर लावून वाचायचे आणि चूक अचूक पकडायचे.

गेम खेळायला सांगितलं तेव्हा ते दोन दिवस लाजले. मग त्यांनी एक जाड वही आणली आणि रेघा मारल्या. हत्यार कोणतं, चिलखत कोणतं, किती वारात शत्रू मेला, आपल्याला किती लागलं. प्रत्येक हत्यारानं दहा लढाया. असं करायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

ज्या गेमचा राक्षस सहाव्या वाराला मरत होता, तो कागदावर सर्वांत भारी होता. बावीस हत्यारं, नऊ चिलखतं, चाळीसेक मंत्र आणि एक जाडजूड पुस्तिका. मी पहिल्याच दिवशी मनात त्याला पहिला नंबर देऊन टाकला होता.

तुळशीरामजींच्या वहीनं मी अडकले. प्रिंटरवर गेमच्या मेमरीचे आकडे छापून काढले आणि चार दिवस पेन्सिल घेऊन बसले. शेवटी सापडलं. हत्याराचा नंबर फक्त वाक्य निवडायला वापरला होता. तलवार घेतली की 'तुझी तलवार तळपली', गदा घेतली की 'तुझी गदा कोसळली'. किती लागलं, ते ठरवताना प्रोग्राम हत्याराकडे बघतच नव्हता. चिलखतांचं तेच. बावीस हत्यारं म्हणजे बावीस वाक्यं होती.

"म्हणजे नुसती छपाई," तुळशीरामजी म्हणाले.

दुसरा एक गेम होता. आम्ही त्याला कंदिलाचा गेम म्हणायचो. त्यात हुकूमच मुळी पाच. चार सोबती घेऊन एका खाणीत उतरायचं. प्रत्येक चालीला कंदिलाचं तेल कमी होई. कंदील जखमी माणसाच्या हाती दिला तर उजेड कमी पडे आणि तिरंदाजाचा नेम चुके. उपाशी ठेवलेला सोबती हुकूम एक चाल उशिरा ऐके. उशीर झाला की तेल आणखी जळे. नियम थोडे, पण एकमेकांत गुंतलेले. तुळशीरामजी त्यात अकरा दिवस हरले.

"कंटाळा नाही येत?" मी विचारलं.

"कायचा कंटाळा? हरलो तं काहून हरलो ते समजते. त्या राक्षसाच्या खेळात जिंकलो तरी काहून जिंकलो ते समजत नाई."

गेमची खोली म्हणजे काय, हे मला पुढे मोठमोठ्या लोकांनी समजावून सांगितलं. इतकं नेमकं कोणी सांगितलं नाही.

रिपोर्टचा आराखडा मी तयार केला. कंदील पहिला, राक्षस पाचवा. त्याच दुपारी मुंबईचा ट्रंक कॉल आला. अविनाशभाऊ बराच वेळ नुसतं "जी, जी" म्हणत होते. रिसीव्हर ठेवून ते माझ्या टेबलाशी आले.

"रंजना मॅडम, बावीस हत्यारांच्या गेमचे हक्क त्यांनी घेऊन ठेवले आहेत."

"मग आपल्याला कशाला विचारलं?"

"डायरेक्टर लोकांसमोर ठेवायले रिपोर्ट पाहिजे. तो पहिला आला तं मराठी-हिंदीचं काम आपल्याला. नाई आला तं ते काम मुंबईतच करतील."

"पण तो पोकळ आहे, भाऊ."

"मले समजते. तुम्ही विचार करा. या कामाशिवाय आपल्याजवळ दुसरं काही नाही."

ते रागावले नाहीत, धमकीही दिली नाही. रागावले असते तर कदाचित मी अडून बसले असते. मी त्या सात जणांचा विचार केला. खरं सांगायचं तर आधी स्वतःचा केला. ही नोकरी गेली तर प्रोग्रामिंगचं काम या जिल्ह्यात मला दुसरं कोण देणार होतं?

दुसऱ्या दिवशी मी रिपोर्ट टाइप केला. एकही आकडा खोटा नव्हता. बावीस हत्यारं, नऊ चिलखतं, चाळीस मंत्र, खेळाडूला निवडीला भरपूर वाव. सबब मेकॅनिक्स सर्वांत खोल. वहीतला तक्ता मी जोडलाच नाही. कंपनीच्या फॉर्मॅटमध्ये शेवटी एक रकाना होता: चाचणी कोणी केली. तिथे मी तुळशीरामजींचं पूर्ण नाव टाइप केलं. हात थांबला नाही. रकाना होता, भरला.

कार्बन कॉपी फायलीला लावायचं काम त्यांचंच. जेवणाच्या सुट्टीनंतर ते कॉपी हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. बोट शेवटच्या ओळीवर होतं.

"मॅडम, ह्यात माझं नाव हाय."

"फॉर्मॅटमध्ये लागतं."

"पूर्ण वाचला मी. वेळ लागला, पण वाचला. मी असं सांगतलं होतं काय तुमाले?"

"नाही."

"मंग काहून लिवलं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. हक्क, ट्रंक कॉल, सात जणांच्या नोकऱ्या. 

"माझी वही जोडून द्या मंग. वाचतील नाई तं नाई वाचतील. माझ्या नावासंगं ती तरी राहील."

"पाकीट गेलं, तुळशीरामजी."

पाकीट गेलं नव्हतं. माझ्या टेबलाच्या खणात होतं, चारच्या टपालाची वाट बघत. त्यांनी खणाकडे पाहिलं नाही. कॉपीला भोकं पाडली, फायलीला लावली आणि आपल्या जागेवर जाऊन बसले.

काम आम्हाला मिळालं. अविनाशभाऊंनी पेढे आणले. तुळशीरामजींनी पेढा घेतला, कागदात बांधून घरी नेला.

पुढचे सहा महिने मराठी आवृत्तीचं काम चाललं. त्या कॉम्प्युटरला देवनागरी येत नव्हती. एका अक्षराला जागा आठ बाय आठ ठिपक्यांची. तेवढ्यात वेलांटी, उकार, रफार सगळं बसवायचं. ते काम तुळशीरामजींनी केलं. आलेख कागदावर एकेक चौकोन काळा करत त्यांनी अख्खी वर्णमाला बांधली. 'क्ष' तीन दिवस बसेना. बसला तेव्हा त्यांनी पडद्यावर तो एकटाच उमटवून बघितला. त्या गेममध्ये खरं काही असेल तर ती अक्षरं होती. माझ्याशी ते पहिल्यासारखेच आदरानं बोलायचे. पण वही परत काढली नाही. मीही आठवण करून दिली नाही.

मी अविनाशभाऊंना एकदा म्हटलं होतं, हत्यारांचे नियम आपणच घालू, मला जमेल. त्यांनी मुंबईला विचारलं. उत्तर आलं: मूळ गेमला हात लावू नका.

गेम बाजारात आला आणि दीड-दोन महिन्यांत पत्रं यायला लागली. पुण्याच्या एका शाळामास्तरांनी तर तक्ताच करून पाठवला होता. कुठलंही हत्यार घ्या, फरक पडत नाही. ही ग्राहकाची फसवणूक आहे. दुकानदार कॅसेटी परत पाठवू लागले.

मग मुंबईहून कंपनीचे मॅनेजर, सेठी साहेब, स्वतः आले. खुर्चीवर बसण्याआधीच त्यांनी आमचा रिपोर्ट टेबलावर टाकला.

"डायरेक्टर पूछ रहे हैं, ये पास किसने किया?"

अविनाशभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी रिपोर्टकडे बघत होते. सेठी साहेबांनी शेवटचं पान उलटलं, नावावर बोट ठेवलं आणि ते मोठ्यानं वाचलं.

"कौन हैं ये?"

मागच्या खोलीतून तुळशीरामजी बाहेर आले. बोटांना पेन्सिलीचं काळं लागलेलं होतं.

"मी हाय, साहेब."

"टेस्टिंग आपने की थी?"

"हव. मीच केली."

"आपको ये चीज समझ में भी आती है?"

तुळशीरामजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी बोलेन, असं त्यांना वाटलं असावं. कपाट माझ्या पाठीशी होतं आणि वही त्यातच होती. तीन पावलं चालायचं होतं. मी तोंड उघडलं आणि घशातून आवाजच आला नाही, असं मी पुढे वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. मी तोंड उघडलंच नव्हतं.

"समजते थोडंसं," तुळशीरामजी म्हणाले.

सेठी साहेब हसले आणि अविनाशभाऊंकडे वळून म्हणाले, "ऐसे लोगों से टेस्टिंग करवाओगे तो यही होगा."

संध्याकाळी अविनाशभाऊंनी तुळशीरामजींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. सांगताना त्यांना रडू आवरत नव्हतं. तुळशीरामजींनी आलेख कागदांची चळत नीट जुळवली, वर पेपरवेट ठेवला. चप्पल घालताना एवढंच म्हणाले, "ळ थोडा बारीक झाला हाय. जमलं तं पाहून घ्या."

दोन दिवसांनी मी वही काढून अविनाशभाऊंसमोर ठेवली. त्यांनी पानं चाळली. शेवटपर्यंत चाळली.

"हे त्या दिवशी पाहिजे होतं," ते म्हणाले.

"आजही पाठवता येईल."

"आता कोणासाठी पाठवायचं?"

तरी मी मुंबईला सगळं लिहून पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. दिवाळीच्या आधी कंपनीनं आमचं काम काढून घेतलं आणि ऑफिस बंद झालं. ज्या सात नोकऱ्यांसाठी मी हे केलं होतं, त्यांतली एकही वाचली नाही.

धानाची कापणी सुरू होती तेव्हा मी करडीला गेले. तुळशीरामजी दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कापणीला गेले होते. त्यांच्या घरच्यांनी मला बाजेवर बसवलं, पाणी दिलं, चहा ठेवला. ते आले तेव्हा हातावर धसकटांचे ओरखडे होते. छापखान्यात आणि आमच्याकडे मिळून वीसएक वर्षं त्या हातांनी अक्षरांशिवाय काही धरलं नव्हतं.

मी माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी हात वर केला.

"राहू द्या, मॅडम. चहा घ्या."

"मी बोलायला पाहिजे होतं."

"हव," ते म्हणाले. "पाहिजे होतं."

ते मला फाट्यापर्यंत सोडायला आले. वाटेत त्यांनी माझ्या आईची तब्येत विचारली, नवीन नोकरीचं विचारलं. बस आली तेव्हा मला खिडकीजवळची जागा मिळवून दिली. त्यानंतर आमची भेट झाली नाही. चारेक वर्षांनी ते गेल्याचं कळलं, तेही तिसऱ्याकडून. शेवटपर्यंत मजुरीच करत होते. अक्षरांचं काम त्यांना परत मिळालं नाही.

मी पुढे नागपूरला कॉम्प्युटर शिकवायला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. गेम बनवणारी पोरं भेटली की विचारतात, तुमच्या काळातला सर्वांत खोल गेम कोणता? मी कंदिलाच्या गेमबद्दल सांगते. हे बाकीचं सांगत नाही.

कामाच्या दृष्टीनं यातून शिकण्यासारखं एवढंच आहे. रिपोर्टवर चाचणी करणाऱ्याचं नाव घालत असाल तर तिथे त्याची सही घ्या. आमच्या फॉर्मॅटमध्ये नावाला जागा होती, सहीला नव्हती.