शेजारच्या काकू

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या त्या मोठ्या लाँड्रीत तिला सगळे ताईच म्हणत. वयाने मोठे असलेलेसुद्धा. गरम रोलरवर ओली चादर सोडायची आणि पलीकडून सुरकुती नसलेली घडी उचलायची, हे तिचं काम. वाफेने तिचे हात कोपरापर्यंत कायम लालसर असायचे.

खरं तर ताई ती एकीचीच होती. आई गेली तेव्हा धाकटी बहीण इतकी लहान होती, की आई परत कधी येणार हे ती रोज विचारायची. वडील त्याच्याही आधी कामाच्या नावाने बाहेर पडले होते, ते परत आलेच नाहीत. ताईचं तेव्हा लग्नाचं वय होतं. लाँड्रीतल्या एका फिटरने तिला विचारलंही होतं. "धाकटी जरा मोठी होऊ दे," असं ती म्हणाली. तो बरं म्हणाला आणि वर्षाच्या आत दुसरीकडे बोहल्यावर चढला. ताईने त्याचं फार मनाला लावून घेतलं नाही. लावून घ्यायला सवड कुठे होती?

संध्याकाळी कामावरून येताना ती फ्रोझन सॉसेजचं पाकीट आणायची. स्वस्त पडायचं, टिकायचं आणि झटपट व्हायचं. पहिल्यांदा केले तेव्हा फजिती झाली होती. पाकिटातून काढून तसेच तापल्या तेलात टाकले, तर वरून कोळसा आणि आत बर्फ. धाकटीने एक घास घेतला, दाताला गार लागलं आणि तिने भोकाड पसरलं. मग चुकतमाकत ताईला त्यांची नस सापडली. गोठून एकमेकांना चिकटलेले सॉसेज सुरीने उचकटायचे नाहीत, गार पाण्याच्या धारेखाली धरून हलकेच सुटे करायचे. पसरट तव्यात अर्धे बुडतील एवढंच पाणी, वर झाकण, आच मंद. पाणी आटलं की चमचाभर तेल सोडायचं आणि लाकडी चमच्याने लोळवत राहायचं. काटा टोचायचा नाही, नाहीतर सगळा रस तव्यात. शेवटी सगळ्यात जाड असेल तो मधोमध कापून बघायचा. आत जरा जरी गुलाबी दिसला, तर पुन्हा झाकण.

धाकटीला हे बघायचं असायचं. ताई तिला ओट्याजवळ स्टुलावर उभी करायची आणि एक हात तिच्या पोटाभोवती घट्ट धरून दुसऱ्या हाताने तवा सांभाळायची. "लोळव, लोळव, झोपू देऊ नकोस त्यांना," असं म्हणून दोघी हसायच्या.

धाकटी शिकली, मोठी झाली, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. तरी रविवारी यायची, आणि रविवारी तेच जेवण. ती फोनवर स्वयंपाकाचे व्हिडिओ करते आणि ते पुष्कळ लोक बघतात, एवढं ताईला ठाऊक होतं. तिच्या साध्या फोनवर काही ते दिसत नसे. पोरीचं बरं चाललंय, यातच तिला समाधान होतं.

लाँड्रीत एक बडबडी बाई होती, तिला सगळे चिमणी म्हणत. एकदा जेवणाच्या सुट्टीत ती फोन घेऊन ताईच्या शेजारी येऊन बसली. "हे बघ गं ताई. डोळ्यांत पाणी येतं अगदी."

पडद्यावर धाकटी होती. समोर तवा, तव्यात सॉसेज. पाणी, झाकण, मंद आच, सगळं जसंच्या तसं. ताईचा चेहरा फुलला. ही माझी बहीण, हे शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात धाकटी बोलू लागली. "माझ्या लहानपणी घरात माझ्यासाठी कोणी नसायचं. मोठी बहीण होती, पण तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. भूक लागली की मी एकटी स्टुलावर चढायची. भाजत-पोळत स्वतःच शिकले मी हे."

चिमणीने डोळे पुसले. "आणि ती बहीण! असल्या बहिणी असण्यापेक्षा नसलेल्या बऱ्या."

ताईचा घास तोंडातच फिरत राहिला. कोणी भर बाजारात थोबाडीत मारावी, तसं तिला झालं होतं. "चादरी लावायच्या राहिल्यात," असं काहीतरी पुटपुटत ती उठली.

रविवारी धाकटी आली. ताईने तिला बसूही दिलं नाही. "मी तुझ्याकडे लक्ष दिलं नाही?"

धाकटी आधी गोंधळली, मग हसण्यावारी न्यायला लागली. "अगं, ते तसं सांगावं लागतं. लोकांना दुःख आवडतं. सुखातलं लहानपण कोण बघतंय?"

"आपलं कुठे सुखातलं होतं?" ताई म्हणाली. "पण तू एकटी नव्हतीस."

यावर मात्र धाकटीचा चेहरा उतरला. ती रडली, गळ्यात पडली. "चुकलं माझं. असं करू, पुढच्या वेळी इथेच व्हिडिओ करू. सॉसेज तूच कर. तू कोण आहेस ते मी सगळ्यांना सांगते, आणि मागचंही दुरुस्त करते."

ताईचा राग तिथल्या तिथे विरघळला. आठवडाभर ती ओटा घासत होती. ठरल्या दिवशी तिने ठेवणीतले कपडे घातले, केस नीट विंचरले. फोनसमोर पहिल्यांदा जीभ अडखळली, मग रंगात येऊन तिने पाण्याचं, आचेचं, न टोचण्याचं सगळं सांगितलं. पहिल्या फजितीची गोष्टही सांगितली. धाकटी पोट धरून हसली.

दोन-चार दिवसांनी चिमणी धावतच रोलरपाशी आली. "अगं, तू तिच्या व्हिडिओत! सांगितलं नाहीस ते! तिची शेजारीण आहेस?"

ताईने हात पुसले आणि फोन घेतला. स्वयंपाकघर तिचं होतं, तवा तिचा होता. तिचा आवाज मात्र कुठेच नव्हता, त्यावर गाणं घातलं होतं. आणि धाकटी सांगत होती, "या आमच्या शेजारच्या काकू. यांचे सॉसेज नेहमी आतून कच्चे राहायचे. मी शिकवल्यावर बघा कसे जमायला लागलेत!"

"शेजारीण नाही," ताई म्हणाली. "बहीण आहे मी तिची. सख्खी."

चिमणीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. "म्हणजे ती... लक्ष न देणारी?"

"ते खोटं आहे."

"हो, हो. असेल." चिमणी जराशी मागे सरकली. "पण थोडंफार काहीतरी असेलच ना गं? उगाच कोण कशाला बोलेल?"

ज्या पोरीला पोटच्या लेकरासारखं वाढवलं, तिने केसाने गळा कापला, हे दुःख होतंच. पण चिमणीचं ते वाक्य ताईच्या डोक्यातून जाईना. कधी जादा पाळी करावी लागे, तेव्हा पोरगी दाराशी तोंड बारीक करून बसलेली दिसायची. तेच तर धाकटीच्या मनात राहिलं नसेल? ताई स्वतःचीच उलटतपासणी घ्यायला लागली. आणि याचा तिला सर्वांत जास्त संताप आला. धाकटीने तिचं नाव घेतलं नाही तर नाही. पण तिला तिच्याच आठवणींवर शंका घ्यायला लावली होती.

धाकटीचे फोन आले, तिने उचलले नाहीत. पुढे थंडी पडल्यावर एका रविवारी धाकटी स्वतःच दारात उभी राहिली. हातात महागडी शाल होती. ताईने ती घेतली आणि खुर्चीवर ठेवली.

"भूक लागलीय गं ताई."

"फ्रीझरमध्ये आहेत. तुला येतात करता."

धाकटी ओट्याशी गेली. पाण्याच्या धारेखाली तिने सॉसेज सुटे केले, एकही मोडू दिला नाही. पाणी आटेपर्यंत झाकणाला हात लावला नाही. लोळवताना मनगट वळवायची तिची पद्धत थेट ताईची होती. जाड बघून एक कापला, वाकून निरखला. पाठमोरी बघितली असती, तर कोणीही दोघींत फसलं असतं. ताईला तिकडे बघवेना.

दोघी जेवल्या. "चांगले झालेत," ताई म्हणाली, कारण ते चांगले झाले होते.

"ताई, तो काकूंचा व्हिडिओ मी काढून टाकलाय."

"कधी?"

धाकटी खाली बघत म्हणाली, "तो कोणी बघेनासं झाल्यावर."

ताईने ताटं उचलली. तवा घासताना तिने मागे वळून पाहिलं नाही. धाकटी बराच वेळ घुटमळली, मग चपला घालता घालता म्हणाली, "पुढच्या रविवारी येऊ?"

"येताना फोन करून ये," ताई म्हणाली.

असं तिने आजवर फक्त परक्यांना सांगितलं होतं. धाकटीच्या ते लक्षात आलं असावं, कारण ती काहीतरी बोलायला गेली. पण ताईने दार लोटलं होतं.